कुपीवरचे नाव आणि कुपीतले औषध

गेल्या दिवाळीच्या सुटीतील गोष्ट. फराळाची ताटे अजून आवरली जात होती, तोच आमचा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. बडोद्यातच लहानाचा मोठा झालेला, आता स्वतःचे बऱ्यापैकी दुकान सांभाळणारा गृहस्थ. नेहमीप्रमाणे त्याने वाकून नमस्कार केला, परंतु चेहऱ्यावर सणाची कळा नव्हती. रुमालात गुंडाळलेली एक इवलीशी काचेची कुपी आणि घडी घातलेला एक छापील कागद त्याने आमच्यापुढे ठेवला.

“सर, मोठ्या मुलाने हे मोबाइलवरून मागविले आहे. याने वजन उतरते म्हणतो. एक कुपी संपवूनही झाली. मी रागावलो, तर हा कागद दाखवितो. प्रयोगशाळेत तपासलेले आहे म्हणतो. तुम्हीच पाहा आणि सांगा, खरे मानावे का?”

कुपीत तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी होती. वर सेमाग्लुटाइड या औषधाचे नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत, केवळ संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नव्हे, अशी सूचना होती. कागदावर एका स्वतंत्र प्रयोगशाळेचे नाव, डोंगराच्या सुळक्यासारखा एक आलेख आणि ठळक अक्षरांत ‘शुद्धता ९९ टक्क्यांहून अधिक’ असा निर्वाळा होता. आम्ही मराठीचे शिक्षक. शुद्धलेखन तपासण्यात आयुष्य गेले, पण असली शुद्धता तपासण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

एवढ्यात आतल्या खोलीतून आमच्या मातोश्रींचा आवाज आला, “अरे, आणि मी रोज टोचून घेते ते? तेही कुणी तपासते की नाही?” मातोश्री गेली चौदा वर्षे इन्शुलिन घेत आहेत. प्रश्न त्यांनी सहज विचारला, परंतु त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. येथील एका औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी उभी हयात घालविली. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. सुटीतल्या तीन-चार संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून, आणि त्यांनी सुचविलेले वाचून, आम्हांस जे उमगले ते येथे मांडीत आहोत. आपल्या वाचकांच्या कितीतरी घरांत फ्रीजच्या कप्प्यात अशी एखादी कुपी असेल. तेव्हा हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

अक्षरांची माळ

इन्शुलिन काय किंवा सेमाग्लुटाइड काय, ही दोन्ही पेप्टाइड या वर्गातील औषधे होत. अमिनो आम्ले नावाचे लहान लहान मणी एकापुढे एक ओवले की पेप्टाइड तयार होते. निसर्ग या कामी मुख्यतः वीस प्रकारचे मणी वापरतो. बाळंतपणात वापरतात ते ऑक्सिटोसिन अवघ्या ९ मण्यांचे, सेमाग्लुटाइड ३१ मण्यांचे आणि इन्शुलिन ५१ मण्यांचे आहे. इन्शुलिनमध्ये २१ आणि ३० मण्यांचे दोन सर एकमेकांस जोडलेले असतात. त्यांतील मण्यांचा नेमका क्रम फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास पूर्णपणे उलगडला आणि त्यासाठी १९५८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

अण्णा हे समजावून सांगत असता आम्हांस आमचा फळा आठवला. वीस मणी म्हणजे वीस अक्षरे मानली, तर पेप्टाइड हा त्या अक्षरांचा शब्द. एक अक्षर गळाले किंवा इकडचे तिकडे झाले की अर्थ पालटतो. ‘नदी’ हा शब्द घ्या. त्यातली दोन अक्षरे उलट क्रमाने लिहिली की ‘दीन’ होतो. अक्षरे तीच, शाई तेवढीच, पण अर्थाचा एकमेकांशी संबंध नाही.

हे केवळ शब्दांपुरते नाही. १९९६ पासून वापरात असलेले लिस्प्रो नावाचे इन्शुलिन मानवी इन्शुलिनच्या दुसऱ्या सरातील २८ व्या आणि २९ व्या मण्यांची अदलाबदल करून बनविलेले आहे. मणी तेच असल्यामुळे दोन्ही रेणूंचे वजन तंतोतंत सारखे भरते. परंतु लिस्प्रो टोचल्यावर लवकर काम करू लागते आणि त्याचा अंमलही लवकर ओसरतो. एकाच्या जागी दुसरे त्याच वेळापत्रकाने घेतले, तर रुग्णाची साखर भलत्या वेळी उतरेल.

शिवाय अशी माळ ओवणे हे चुकांना आमंत्रण देणारे काम. ब्रूस मेरिफिल्ड या अमेरिकन रसायनज्ञाने १९६३ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. माळेचे एक टोक घन पदार्थाच्या बारीक दाण्याला बांधून ठेवावयाचे आणि एकेक मणी जोडीत जावयाचे. या रीतीसाठी १९८४ साली त्यास नोबेल पारितोषिक लाभले. आता हिशेब पाहा. ३१ मण्यांच्या माळेत ३० जोड. प्रत्येक जोड शंभरात ९९ वेळा बिनचूक बसला असे मानले, तरी शेवटी शंभरातील जेमतेम ७४ माळा पूर्ण बरोबर निघतात. उरलेल्या २६ माळांत कोठे ना कोठे एखादा मणी गळालेला असतो. त्या वेचून बाजूला काढणे हे शुद्धीकरण, आणि खरोखरच काढल्या की नाहीत हे पाहणे ही तपासणी. दोन्हींना वेळ आणि पैसा लागतो. ज्याला तो वाचवावयाचा असेल, त्याच्या कुपीतली भुकटीही पांढरीच दिसते.

टोरांटोतील धडा

तपासणीचा हा खटाटोप का सुरू झाला, हे इन्शुलिनच्या इतिहासातच वाचावयास मिळते. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, जनावरांच्या स्वादुपिंडातून साखर उतरविणारा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तो टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण अर्कातल्या मळामुळे टोचल्या जागी गळू झाले आणि प्रयोग थांबवावा लागला.

पुढचे बारा दिवस जेम्स कॉलिप या रसायनज्ञाने तो अर्क गाळून गाळून शुद्ध केला. २३ जानेवारीस पुन्हा टोचल्यावर मुलाची साखर झपाट्याने खाली आली आणि त्यास हुशारी वाटू लागली. तो पुढे १९३५ पर्यंत जगला. औषध दोन्ही वेळी एकच होते, फरक होता तो शुद्धतेचा.

१९२३ साली शोधकांनी आपला हक्क एकेक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केला. विद्यापीठाने इन्शुलिन समिती नेमली आणि परवाना घेणाऱ्या उत्पादकांचा माल योग्य त्या बळाचा आहे की नाही, हे पाहण्याची व्यवस्था लावली. माल कारखानदाराचा, पण परीक्षक बाहेरचा. हक्काची मुदत १९४१ साली संपत आली, तेव्हा विद्यापीठाचा हा अंकुश सुटणार हे उघड होते. म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने त्याच वर्षी कायदा करून इन्शुलिनच्या बळाची आणि शुद्धतेची तपासणी सरकारी खात्याकडे सोपविली. प्रत्येक घाण्याला सरकारचा दाखला हवा, ही अट तेथे १९९७ च्या कायद्यापर्यंत टिकली. तोवर तपासणीची साधने इतकी सुधारली होती की ती अट काढून टाकण्यात आली.

त्या काळची तपासणीही ऐकण्यासारखी आहे. इन्शुलिनचे पहिले एकक सशावर ठरले. सुमारे दोन किलो वजनाच्या, चोवीस तास उपाशी ठेवलेल्या सशाची रक्तातील साखर ठराविक पातळीपर्यंत उतरविणारी मात्रा म्हणजे एक एकक. पुढे १९२५ साली पहिले आंतरराष्ट्रीय मानक चूर्ण ठरले, तेव्हा त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये ८ एकके भरत. आजच्या शुद्ध इन्शुलिनच्या एका मिलिग्रॅममध्ये जवळजवळ २९ एकके भरतात. म्हणजे त्या काळी जगाने ज्याला मानक मानले, त्यात आजच्या हिशेबाने एक तृतीयांशाहूनही कमी इन्शुलिन होते. १९६०-७० च्या सुमारास नवी गाळणी हाती आली, तेव्हा स्फटिकासारखे स्वच्छ म्हणून विकल्या जाणाऱ्या इन्शुलिनमध्येही इतर प्रथिने सापडली. टोचल्या जागी कातडीखालची चरबी झडून खळगे पडत, त्याचे एक कारण तीच होती.

अण्णा म्हणाले, “मास्तर, शुद्ध म्हणजे काय, तर आपल्याजवळच्या चाळणीला जे दिसले नाही, ते त्यात नाही असे आपण म्हणतो. चाळणी बारीक झाली की शुद्धतेची व्याख्या बदलते.”

चार निरनिराळे प्रश्न

आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावर ९९ हा एकच आकडा होता. अण्णांनी चष्मा पुसून तो कागद पाहिला आणि म्हणाले, “एका विषयाचे गुण दाखवून सगळ्या परीक्षेत पास म्हणता येईल का? येथे चार विषय आहेत.”

पहिला विषय ओळखीचा. कुपीवर जे नाव आहे, तेच द्रव्य आत आहे काय? यासाठी रेणूचे वजन मोजणारे यंत्र वापरतात, त्याला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. परंतु लिस्प्रोचे उदाहरण आपण पाहिलेच. वजन सारखे आणि क्रम वेगळा असेल, तर केवळ वजनावर ओळख पटत नाही. म्हणून ठराविक जागीच माळ तोडणारे विकर वापरून तिचे तुकडे करतात आणि ते तुकडे खात्रीच्या मानक नमुन्याच्या तुकड्यांशी ताडून पाहतात. एखादा मणी आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलट्या घडणीचा बसला असेल, तर त्याचेही वजन तेच भरते. त्यासाठी आणखी वेगळी कसोटी लावावी लागते.

दुसरा विषय शुद्धतेचा. द्रावण बारीक कणांनी भरलेल्या नळीतून मोठ्या दाबाने पुढे ढकलतात. निरनिराळे रेणू निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर सुळके उमटतात. या रीतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मुख्य सुळका एकूण क्षेत्राच्या किती टक्के, ही झाली शुद्धता. आमच्या हातातील कागदावरचा ९९ चा आकडा हाच.

तिसरा विषय प्रमाणाचा, आणि येथेच सामान्य माणूस फसतो. शाळेचा निकाल ९९ टक्के लागला असे आम्ही अभिमानाने सांगतो. पण परीक्षेला बसले किती, हे कोणी विचारीत नाही. तसेच येथे आहे. भुकटीत पाणी आणि क्षार असतात, आणि ते त्या सुळक्यांत धरलेले नसतात. तेव्हा ९९ टक्के शुद्ध म्हणजे कुपीतील ९९ टक्के वजन औषधाचे, असे मुळीच नव्हे. पाच मिलिग्रॅम लिहिलेल्या कुपीत औषध चार भरले की सात, हे स्वतंत्रपणे मोजावे लागते. जे औषध सुईने शरीरात जावयाचे, त्यात कमी भरले तर गुण येत नाही आणि जास्त भरले तर अपाय होतो.

चौथा विषय निर्जंतुकतेचा. जंतू मेले, तरी त्यांच्या कवचाचे काही अंश मागे राहतात. त्यांस एन्डोटॉक्सिन म्हणतात. ते रक्तात गेले की थंडी वाजून ताप भरतो, आणि प्रमाण फार असेल तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. पूर्वी यासाठीही सशांना टोचून त्यांचा ताप मोजीत. पुढे समुद्रकाठी सापडणाऱ्या, घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या एका प्राचीन जलचराच्या रक्तापासून बनविलेले द्रव्य वापरात आले, कारण एन्डोटॉक्सिनचा अत्यल्प अंशही असला की ते गोठते. जंतू वाढतात की नाही हे पाहण्यासाठी तर नमुना पोषक द्रवात चौदा दिवस ठेवून वाट पाहावी लागते. आमच्या हातातील कागदावर या चौथ्या विषयाचा उल्लेखच नव्हता.

परीक्षकाचीही परीक्षा

मग स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासले, एवढे म्हटले की झाले काय? आम्ही हा प्रश्न विचारताच अण्णा हसले. “तुमच्या शाळेत तपासणीस साहेब येणार म्हटले की पहिल्या बाकावर कोण बसत असे?” आम्ही काय उत्तर देणार? वर्गातला हुशार मुलगा त्या दिवशी आपोआप पुढे येत असे, हे आम्हीही आमच्या लहानपणी पाहिले आहे. नमुना कोणी निवडला, यावर तपासणीचे मोल ठरते. विक्रेत्याने आपल्या हाताने निवडून पाठविलेली कुपी उत्तम निघाली, तर ती एक कुपी उत्तम, एवढेच सिद्ध होते. आपल्या हाती पडलेली कुपी त्याच घाण्यातील आहे की नाही, हे बॅच क्रमांक जुळल्याखेरीज कळत नाही. आम्ही क्रमांक ताडून पाहिला. कागदावर एक होता, कुपीवर एकही नव्हता.

उलट बाजूनेही एक उदाहरण आहे, आणि ते आम्हांस फार शिकविणारे वाटले. २०१७ च्या अखेरीस एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील निरनिराळ्या औषधांच्या दुकानांतून संशोधकांनी इन्शुलिनच्या १८ कुप्या विकत घेऊन तपासल्या. प्रत्येक मिलिलिटरात १०० एकके असावयास हवीत आणि किमान ९५ भरलीच पाहिजेत, असा तेथील नियम. या तपासणीत एकही कुपी त्या मर्यादेस पोहोचली नाही, आणि सरासरी तर ४० च्या आसपास निघाली. बातमीने मधुमेही लोकांत खळबळ उडाली.

परंतु जाणकारांनी विचारले, इतके इन्शुलिन खरोखर कमी असते, तर लाखो रुग्णांच्या साखरेत ते दिसून आले नसते काय? त्या अभ्यासात वापरलेली रीत औषधसंहितेत सांगितलेली नव्हती, असाही आक्षेप निघाला. पुढे इतर संशोधकांनी दुकानांतून कुप्या आणून मान्य रीतीने पुन्हा मोजणी केली, तेव्हा बळ योग्य तेवढेच भरले. पहिल्या संशोधकांचा हेतू वाईट नव्हता, आणि ते कोणा कारखानदाराचे बांधीलही नव्हते. तरीही निष्कर्ष टिकला नाही. स्वतंत्र असणे ही परीक्षकाची पहिली पात्रता, पण ती पुरेशी नाही. रीत जाहीर असावी आणि दुसऱ्याने तीच परीक्षा घेतली तरी उत्तर तेच यावे, तेव्हाच त्यावर विसंबावे.

बाजारातील कुप्या

आता आमच्या विद्यार्थ्याच्या कुपीकडे वळू. सेमाग्लुटाइड हे मधुमेहावरील खरेखुरे आणि गुणकारी औषध आहे. अमेरिकेत २०१७ साली त्यास मान्यता मिळाली, आणि वजन उतरविण्यासाठीही डॉक्टर ते योग्य रुग्णास देतात. मागणी वाढली, आणि मागणीच्या पाठोपाठ तोतयेही आले.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून माल पाठविणाऱ्या विक्रेत्यांकडून सेमाग्लुटाइड मागविले. सहा ठिकाणी पैसे भरले, तीन ठिकाणांहून काहीच आले नाही, उलट आणखी पैशांची मागणी झाली. ज्या तीन कुप्या आल्या, त्यांवर ९९ टक्के शुद्धतेचा दावा होता. तपासणीत शुद्धता सात ते चौदा टक्क्यांच्या आसपास निघाली. एन्डोटॉक्सिनचा अंशही सापडला. आणि नवल असे की औषधाचे प्रमाण मात्र लिहिल्यापेक्षा २९ ते ३९ टक्क्यांनी अधिक होते. म्हणजे मळही अधिक आणि मात्राही अधिक.

याहून भयंकर प्रकार २०२३ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियात घडला. सेमाग्लुटाइडच्या बनावट पेनातून औषध टोचून घेतलेल्या काही जणांची साखर एकदम उतरली, झटके आले आणि त्यांस रुग्णालयात न्यावे लागले. आत सेमाग्लुटाइडऐवजी इन्शुलिन असावे, असा तेथील अधिकाऱ्यांचा निष्कर्ष होता. ज्यास मधुमेह नाही अशा माणसाने नकळत इन्शुलिन टोचून घेणे म्हणजे काय, हे मधुमेही घरातील माणसास सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडविषयी सर्व देशांस इशारा दिला.

परदेशच्या या गोष्टी ऐकून आपण निश्चिंत होण्याचे कारण नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी ग्लिसरीन म्हणून दिलेल्या द्रव्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ते औषध पेप्टाइड नव्हते, परंतु नियम तोच लागू पडतो. नावाची चिठ्ठी वाचली गेली, आतले द्रव्य कोणी वेळीच ओळखून पाहिले नाही.

आपल्या हाती काय आहे?

आपल्या देशात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे. त्याखाली औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, तेव्हा त्याचे भाग पाडून प्रत्येकावर मोहोर लावावी लागते. एक भाग दुकानदाराकडे, एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयाकडे आणि कायद्यात सांगितलेल्या वेळी एक उत्पादकाकडे जातो. निकालाविषयी वाद झाला, तर न्यायालय आपल्याजवळचा भाग मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकते. परीक्षकाचीही परीक्षा घेण्याची सोय कायद्यातच केलेली आहे. इन्शुलिनसारख्या जैविक औषधांची तपासणी नॉयडा येथील राष्ट्रीय जैविक संस्थेत होते, आणि औषधसंहिता तयार करणारा आयोग गाझियाबादेत आहे. आमच्या बडोद्यात तर राज्य सरकारची खाद्य व औषध प्रयोगशाळा आहे. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात रसायनविद्या शिकविणारे प्राध्यापक गज्जर आणि त्यांचे मराठी शिष्य कोटिभास्कर यांचा १९०७ सालच्या अलेम्बिक कारखान्याच्या उभारणीत वाटा होता, हे बडोदेकरांस ठाऊक आहेच. औषध बनविणे आणि पारखणे या दोन्ही विद्या येथे परक्या नाहीत.

पण फार थोड्यांस ठाऊक असलेली गोष्ट याच कायद्याच्या २६ व्या कलमात आहे. कोणीही सामान्य ग्राहक, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, आपण विकत घेतलेले औषध रीतसर अर्ज करून आणि ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते, आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळविण्याचा त्यास हक्क आहे. अण्णांनी हे सांगितले तेव्हा आम्ही चकित झालो. इतकी वर्षे औषधे विकत घेतली, पण हा हक्क आपल्यापाशी आहे हे ठाऊक नव्हते. त्यासाठी पावती मात्र हवी. म्हणून औषध घेताना बॅच क्रमांक लिहिलेली पावती मागून घ्यावी आणि कुपी संपेपर्यंत जपून ठेवावी.

इन्शुलिन घेणाऱ्या घरांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्या. न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंश उष्णतेत राहावे लागते. गोठले किंवा उन्हात तापले, तर माळ मोडते, आणि कारखान्यातील उत्तम तपासणीही मग कामास येत नाही. दुसरे म्हणजे आपल्याकडील पुष्कळशा कुप्यांत एका मिलिलिटरात ४० एकके असतात, तर काहींत १००. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज आणि दुसरीसाठी नारिंगी टोपणाची. ही अदलाबदल झाली, तर शुद्ध औषधही घातक ठरते. मात्र शंका आली म्हणून कोणीही आपल्या मनाने इन्शुलिन बंद करू नये. शंका डॉक्टरांपुढे किंवा औषध निरीक्षकापुढे मांडावी.

शेवटच्या संध्याकाळी आमचा विद्यार्थी मुलालाही बरोबर घेऊन आला. मुलगा हुशार, नम्र, पण मान खाली. अण्णांनी त्यास रागावले नाही. कागद त्याच्या हाती देऊन त्यांनी चारच प्रश्न विचारले, “यावरचा बॅच क्रमांक कुपीवर आहे का? नमुना कोणी पाठविला? प्रमाण किती भरले? निर्जंतुक आहे असे कोठे लिहिले आहे?” मुलगा बराच वेळ कागद न्याहाळीत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, यात यांपैकी काहीच नाही.”

“पहिली कुपी अंगाला लागली नाही, हे तुझे दैव,” अण्णा म्हणाले. “वजन उतरवावयाचे आहे ना? मग डॉक्टरांकडे जा. तेच औषध लागेल असे त्यांना वाटले, तर ते चिठ्ठी देतील, आणि दुकानदार पावती देईल. काही बिघडले, तर कोणाला विचारावयाचे हे तुला ठाऊक असेल.” दुसऱ्याच आठवड्यात बापलेक डॉक्टरांकडे जाऊन आले, असे आम्हांस कळले.

मातोश्रींनाही आम्ही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांच्या कुपीवर उत्पादकाचे नाव आहे, परवान्याचा क्रमांक आहे, बॅच आहे, मुदत आहे. ती तपासण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना कायदा जाब विचारू शकतो, आणि मनात आणले तर आम्हीही ती तपासून घेऊ शकतो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग मागच्या महिन्याची पावती कुठे ठेवली आहेस?”

ती आमच्यापाशी नव्हती. या महिन्यापासून मात्र फ्रीजवर एक टाचणफाइल लटकते आहे, आणि तीत पहिली पावती लागली आहे.